कान देऊन : मोठं वाजलं म्हणजे बरं वाजलं का?

या महिन्यात जुन्या स्टुडिओ मॉनिटरांबद्दल, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून तपासायच्या स्पीकरांबद्दल, एकापाठोपाठ एक पत्रं आली, म्हणून हे सदर त्यांनाच दिलं. नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. वडिलांचं नागपुरात इतवारीत लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. मारबतीची मिरवणूक झाली की दुकानात जळक्या कॉईलींचा ढीग लागायचा, त्या गुंडाळता गुंडाळता मी हे काम शिकले. पुढे धंतोलीत छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवला. आता स्पीकरचे कोन, म्हणजे ते थरथरणारे कागदी पडदे, चिकटवते, क्रॉसओव्हर, म्हणजे वरचे स्वर ट्वीटरला आणि खालचे वूफरला वाटून देणारं सर्किट, ठीकठाक करते आणि तुमच्या पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी घरच्याच दहा बाय बाराच्या खोलीत भजनं, पोवाडे, कधी एखाद्या पुस्तकाचं वाचन असं रेकॉर्ड आणि मिक्स करून देतो. आजवर हेडफोनवर भागवलं. आता मॉनिटर घ्यायचेत, आणि जुनेच घ्यायचेत. तीन जोड्या समोर आहेत. काकांनी इंग्लंडहून आणलेले रॉजर्सचे एलएस३/५ए आमच्याच कपाटात आहेत. यामाहाचे एनएस-१०एम बर्डीवरचा एक दुकानदार विकतोय. मुंबईतल्या बंद पडलेल्या स्टुडिओतले आहेत म्हणे. आणि मित्राच्या वडिलांचे जेबीएल एल१००, नारिंगी जाळीवाले. तिन्ही जोड्या मित्राच्या हॉलमध्ये एकाच ॲम्प्लिफायरवर लावल्या. तुलना बरोबर व्हावी म्हणून व्हॉल्यूमचं बटण अजिबात हलवलं नाही. जेबीएलनं बाकीच्या दोघांना पार धुतलं. पण इंटरनेटवरच्या तुलनेच्या व्हिडिओंमध्ये मला एलएस३/५ए सरस वाटतो. खरं कोणतं मानू? आणि एनएस-१०चं जगभर एवढं नाव आहे तर तो इतका कर्कश काऊन वाजतो?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : बटण हलवलं नाही हे तुम्ही ठासून लिहिलंय, आणि नेमकं तेच हलवायला हवं होतं. ॲम्प्लिफायरनं तेवढंच व्होल्टेज दिलं तरी प्रत्येक स्पीकर तेवढाच मोठा वाजत नाही. एल१००ची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विजेवर मोठं वाजण्याची ताकद, ९१ डेसिबलच्या आसपास, एनएस-१०ची ९०, आणि एलएस३/५ए जेमतेम ८२-८३. म्हणजे जेबीएल तुमच्या हॉलमध्ये साधारण आठ डेसिबल वर होता. तीन डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट लागतात. आठ वाढवायचे तर सहापटीहून जास्त.

फरक नुसता मोठ्या-लहानाचा असता तर तुम्हाला तो कळला असता आणि तुम्ही तो वजा केला असता. गोची अशी की आवाज हळू झाला की आपल्या कानाला खालचे स्वर इतर स्वरांपेक्षा जास्त कमी झाल्यासारखे वाटतात. फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. त्यामुळे हळू वाजणारा स्पीकर नुसता हळू वाटत नाही, तो पातळ, बिनखर्जाचा आणि मरगळलेला वाटतो. फरक आठऐवजी एखाद्या डेसिबलचा असेल तर आणखीच पंचाईत. तेव्हा माणूस "हा मोठा आहे" असं म्हणतच नाही, "हा जास्त मोकळा आहे, यात तपशील जास्त आहेत" असं म्हणतो. स्पीकर विकणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

तेव्हा तुलना पुन्हा करा, आणि घाई करू नका. तुमच्याकडे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहेच. त्यात पिंक नॉइज घ्या, म्हणजे प्रत्येक सप्तकात सारखीच ऊर्जा असलेला तो सूंऽऽ आवाज. त्याचा ५०० हर्ट्झच्या खालचा आणि २००० हर्ट्झच्या वरचा भाग कापून टाका, कारण तिन्हींचा खर्ज इतका वेगळा आहे की सगळा पट्टा ठेवला तर मोजमाप खर्जाचंच होईल. तुम्ही जिथे बसता तिथे, कानाच्या उंचीवर मोबाइल ठेवा आणि त्यातल्या ध्वनिमापक ॲपवर आकडा बघा. ते ॲप खरा आकडा दाखवेलच असं नाही, पण आपल्याला खरा आकडा नकोच, फरक हवाय. मग एकाच गाण्याच्या तीन प्रती करा आणि तिन्ही स्पीकरांवर तो आकडा अर्ध्या डेसिबलच्या आत जुळेल अशा बेतानं प्रत्येक प्रत वर-खाली करा. हे करताना जेबीएलला खाली आणा, एलएस३/५ए वर ढकलू नका. त्याची झेप पंचवीसेक वॅटची. त्याला जेबीएलच्या पातळीवर नेण्याच्या नादात वूफरची कॉईल जळालेली मी पाहिली आहे, आणि तसा वूफर शोधत फिरणं काय असतं तेही पाहिलंय.

दुसरं, जोडी जोडीशी लढवू नका. प्रत्येकाचा एकच स्पीकर घ्या, मोनोमध्ये वाजवा, शेजारीशेजारी ठेवा, आणि अर्ध्यात जागा बदला. स्टिरिओमध्ये दोन स्पीकरांच्या मधली पसरण ऐकायला इतकी गोड वाटते की टोनमधले दोष तिच्याखाली झाकले जातात. एका स्पीकरला लपायला जागा नसते. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांच्या चाचण्यांतही मोनोमध्ये ऐकणाऱ्यांना फरक अधिक स्पष्ट कळले.

तिसरं, डोळे. टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी १९९४ मध्ये तेच श्रोते आणि तेच स्पीकर घेऊन एकदा स्पीकर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून गुण द्यायला सांगितले. गुण बदलले. दिसत असताना लोक मोठ्या, नामांकित डब्याला झुकतं माप देत होते, आणि यांत अनुभवी श्रोतेही होते. तुमच्याकडे एका बाजूला पुस्तकाएवढा काळपट डबा होता आणि दुसऱ्या बाजूला बारा इंची वूफरवर नारिंगी जाळी. नागपुरात नारिंगीला हरवणं तसंही कठीणच! आईचं एखादं विटकं मलमलचं लुगडं दोरीवर टाका. पातळ सुती कापड आवाज फारसा अडवत नाही. मागे बदलाबदली करायला मित्राला बसवा, आणि त्याला सांगा की नाव घ्यायचं नाही, फक्त "पहिला", "दुसरा".

वाजवायचं काय? तुमच्या पत्रात कोणतं गाणं लावलं ते नाही, पण मला अंदाज आहे, कारण स्पीकर दाखवायला सगळे तीच चकचकीत गाणी लावतात. त्यांनी काही कळत नाही. त्या गाण्यात गायिकेचा आवाज मुळात कसा होता ते तुम्हाला कुठे ठाऊक आहे? स्वतःच्या आईला किंवा वडिलांना तुमच्याच मायक्रोफोनसमोर बसवून दोन मिनिटं पेपर वाचायला लावा. रेकॉर्डिंग झाल्यावर तीच व्यक्ती खोलीत बोलत असताना आणि मग स्पीकरवर, असं आलटून पालटून ऐका. बीबीसीचे अभियंते मॉनिटर घडवताना हेच करायचे, माणसाचा प्रत्यक्ष आवाज आणि स्पीकरमधला आवाज समोरासमोर ठेवायचे. ज्या आवाजासोबत आपण लहानाचे मोठे झालो, त्यात छातीचा घुमारा जरा वाढला किंवा नाक बंद झाल्यासारखं वाटलं तर कान क्षणात पकडतो.

त्यानंतर तानपुरा. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्यात जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार ६९ वर. एलएस३/५ए ऐंशीच्या खाली वेगानं उतरतो, म्हणजे खर्जाचा मूळ स्वर त्याच्यातून जवळपास येतच नाही. तरी तुम्हाला खर्ज ऐकू येईल! त्याचे वरचे उपस्वर शाबूत असतात आणि त्यांवरून मूळ स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. जेबीएलवर तीच तार पोटात जाणवेल. आता प्रश्न असा, की जवारीतला तो बारीक, सतत सरकणारा झणत्कार कुठे जास्त स्वच्छ आहे? तिथे लक्ष द्या. जवारी हा वरच्या उपस्वरांचा खेळ आहे आणि ट्वीटर-वूफरचा सांधा कच्चा असेल तर तो तिथेच उघडा पडतो. शेवटी तबला, पण एकटा, गाण्यासोबत नको. डग्ग्याची मींड आणि दायांची चाट.

आणि कूलर बंद करा. हे हसण्यावारी नेऊ नका. मे महिन्यात मला पत्रं येतात की अमुक स्पीकरमध्ये तपशील कमी वाटतात; खिडकीत कूलरचा पंखा भणभणत असताना तपशील ऐकू येतील कसे? पहाटे ऐका.

खोलीबद्दल थोडं. तुमची बारा फुटांची भिंत साधारण ४७ हर्ट्झला घुमते आणि दहा फुटांची ५६ ला. पुढे त्यांच्या दुपटी-तिपटी. या स्वरांवर तुम्ही जे ऐकता त्यातलं अर्धंअधिक खोलीचं असतं, स्पीकरचं नाही. मित्राच्या हॉलची मापं वेगळी, फरशी वेगळी, भिंतीपासूनचं अंतर वेगळं, म्हणून तिथला खर्जाबद्दलचा निकाल तुमच्या खोलीत लागू होत नाही. गंमत म्हणून सांगते : हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, अंशामागे सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. डिसेंबरातल्या पहाटे खोलीत १२ अंश असतील आणि नवतपाच्या दुपारी ४५, तर हा फरक जवळजवळ सहा टक्के होतो. सहा टक्के म्हणजे हार्मोनियमवर एक पट्टी. तुमची खोली हिवाळ्यात ज्या स्वराला घुमते, मे महिन्यात त्याच्या पुढच्या पट्टीला घुमते. त्यामुळे हिवाळ्यात खर्ज दाबण्यासाठी बसवलेली इक्वलायझरची सेटिंग उन्हाळ्यात तपासून घ्या.

व्हिडिओंचं एका वाक्यात : त्यात तुम्ही कुणाच्या तरी खोलीतला स्पीकर, कुणाच्या तरी मायक्रोफोननं टिपलेला, दाबून लहान केलेल्या फाइलमधून, तुमच्या इअरफोनवर ऐकता, आणि तिथेही बहुतेकदा पातळी जुळवलेली नसते.

आता हे तिघे असे वेगवेगळे का वाजतात ते ऐका, कारण पातळी जुळवल्यावरही ते वेगळेच वाजणार आहेत. प्रत्येकाचा जन्म वेगळ्या कामासाठी झाला.

एलएस३/५एचं मूळ बीबीसीच्या संशोधन विभागात आहे. स्टुडिओ बांधण्याआधी त्याची एक अष्टमांश आकाराची प्रतिकृती करून तिच्यात आवाज कसा वागतो ते तपासायचे, त्यासाठी छोटा पण प्रामाणिक स्पीकर लागत होता. त्यातून पुढे बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी हा मॉनिटर १९७०च्या दशकाच्या मध्यात घडला. गाडीत जागा नाही, मोठा आवाज करायची सोय नाही, आणि निवेदकाचं बोलणं स्वच्छ कळायला हवं. केईएफ कंपनीचा बी११० वूफर, टी२७ ट्वीटर, पातळ प्लायचा बंद डबा आतून डांबरी पट्ट्यांनी जड केलेला, आणि त्या छोट्या डब्याच्या मानानं भलताच गुंतागुंतीचा क्रॉसओव्हर. रॉजर्स, स्पेंडर, हार्बेथ अशा कंपन्यांनी तो परवान्यावर बनवला. खरा खर्ज नाही, म्हणून सव्वाशे हर्ट्झच्या आसपास थोडा उंचवटा आहे, त्यानं लहान डबा मोठा भासतो. पुरुषी आवाजात ही ऊब ऐकू येते. माझ्या मते माणसाच्या आवाजासाठी एवढ्या आकारात याहून विश्वासू काही झालं नाही, पण त्याच्या नावानं जे सोवळं पाळलं जातं आणि ज्या किमती सांगितल्या जातात, त्यांना माझा नमस्कार.

जेबीएलची गोष्ट उलट. १९६०च्या दशकात अमेरिकन स्टुडिओंत ऑल्टेक कंपनीचा पंधरा इंची ६०४ हा मॉनिटर सर्वत्र होता. त्याच्याच वळणाचा पण लहान आकाराचा आवाज द्यायला जेबीएलनं ४३१० काढला, त्यातून पुढे ४३११, आणि १९७० मध्ये त्याच कुळातला घरगुती अवतार म्हणजे तुमचा एल१००. त्यातल्या बारा इंची वूफरला वरून कापणारा फिल्टर नाहीच. त्याला जेवढं वर जाता येतं तेवढं तो जातो. त्यामुळे मधल्या पट्ट्यात गिटार, ड्रम अंगावर येतात. मजा येते, नाही म्हणत नाही. ढोलकीचा पोवाडा त्याच्यावर लावलात तर खुर्चीतून उठाल. पण मिक्स करताना हीच मजा घात करते : जे मुळातच अंगावर येतंय त्याला तुम्ही आणखी उठाव देत नाही, आणि तुमचं काम दुसऱ्याच्या घरी बसकं वाजतं. शिवाय तो जमिनीवर ठेवला असेल तर ऐकलेला खर्ज अर्धा फरशीचा होता.

आणि एनएस-१०. हा १९७८ मध्ये घरगुती बुकशेल्फ स्पीकर म्हणून आला आणि घरांत चालला नाही. मग ध्वनिअभियंते तो मिक्सरच्या माथ्यावर ठेवू लागले. १९८७ मध्ये यामाहानं खास स्टुडिओची आवृत्ती काढली, २००१ मध्ये उत्पादन थांबवलं, कारण पांढऱ्या कोनसाठी लागणारा कागदाचा लगदा मिळेनासा झाला. हा कोन साच्यात ओतलेला नसून सपाट कागद वळवून चिकटवलेला असतो. नीट बघितलं तर सांधा दिसतो. दीड-दोन किलोहर्ट्झच्या पट्ट्यात त्याचा आवाज पुढे येतो आणि खाली खर्ज लवकर संपतो. तुम्ही विचारता तो कर्कशपणा तिथला. माणसाच्या आवाजाची स्पष्टता, टाळांची धार, गिटारचा कडकपणा, सगळं याच भागात किंवा याच्या लगत असतं, आणि मिक्समधली भांडणं बहुतेक इथेच होतात. जिथे भांडण होतं तिथे हा भिंग लावतो. दुसरा गुण वेळेचा : २००१ मध्ये फिलिप नेवेल आणि कीथ हॉलंड या ध्वनिसंशोधकांनी बरेच मॉनिटर मोजले, त्यात एनएस-१०चा आवाज थांबायचा तिथे चटकन थांबतो असं दिसलं. बंद डबा असल्यानं खर्जाला शेपूट राहत नाही. त्याच्यावर ऐकायला कुणी बसत नाही, काम करायला बसतात. घरी पाहुणे आल्यावर लावायचा स्पीकर हा नव्हे.

एवढं सगळं खरं धरायचं ते स्पीकर निरोगी असेल तरच. आपल्याकडे हीच मोठी अडचण आहे. चाळीस-पन्नास उन्हाळे काढलेल्या क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कोरडे पडलेले असू शकतात; मग ट्वीटर मंद होतो आणि लोक त्याला "जुन्या काळची ऊब" म्हणतात. फोमची सराउंड, म्हणजे कोनाभोवतीची कड, असेल तर आपल्या पावसाळ्यानंतर ती शिळ्या पापडासारखी बोटाखाली चुरा होते. सुदैवानं एल१००च्या वूफरची कड कापडी आहे, ती टिकते. त्याची ती नारिंगी जाळी मात्र फोमची, ती गळणार.

दुकानदाराच्या एनएस-१०चं असं तपासा. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सगळ्या बाजूंनी सारखा, हळूच आत दाबा. कॉईल घासली तर खर्र ऐकू येईल, लगेच परत फिरा. सोडल्यावर कोन आळसात बाहेर आला पाहिजे. झटकन उसळला तर डबा कुठून तरी हवा सोडतोय. दीड व्होल्टचा सेल वूफरच्या तारांना क्षणभर लावून दोन्ही कोन एकाच दिशेला जातात का बघा. मग शेवटची परीक्षा : दोन्ही स्पीकर तोंडाला तोंड लावून, मध्ये दोन बोटं जागा ठेवून उभे करा, एकाच्या तारा उलट जोडा आणि मोनोमध्ये खर्जाचं काहीतरी हळू आवाजात वाजवा. जोडी जुळलेली असेल तर खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. उरतोय तेवढी ती जोडी बेजोड. हीच परीक्षा काकांच्या एलएस३/५एवरही करा. मागच्या पट्टीवर दोघांवर १५ ओहम किंवा दोघांवर ११ ओहम लिहिलेलं हवं. एकावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असेल तर त्या दोन वेगवेगळ्या काळातल्या आवृत्त्या आहेत.

एनएस-१०च्या एखाद्या वूफरचा कोन बाजारातला कुठलाही पांढरा कागद लावून बदललेला असेल तर तो एनएस-१० राहिलाच नाही, मग दुकानदार काहीही म्हणो. मी स्वतः रिकोनिंग करते म्हणून सांगते : लग्नाच्या डीजेच्या स्पीकरला ते चालतं, मॉनिटरला नाही.

तुमचं काम भजन, पोवाडा, वाचन, म्हणजे मुख्यतः माणसाचा आवाज, आणि खोली लहान. काकांची जोडी कपाटातून काढा, कपॅसिटर तपासून घ्या, कानाच्या उंचीच्या भक्कम स्टँडवर, मागच्या भिंतीपासून हातभर पुढे ठेवा आणि त्यावर काम करा. मित्राचे जेबीएल मित्राकडेच राहू द्या. मिक्स झालं की पेन ड्राइव्ह घेऊन त्याच्या हॉलमध्ये जा आणि डग्गा ऐकून या. एनएस-१० वरच्या परीक्षांत पास झाले आणि पैसे बोचत नसतील तर पुढच्या वर्षी बघा.

प्रश्न : एनएस-१०च्या ट्वीटरवर टिश्यू पेपर लावतात असं वाचलं. माझ्याकडे जुनी, स्टुडिओ हा शब्द नसलेली जोडी आहे आणि ती कानाला टोचते. कोणता कागद लावू?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : खरी गोष्ट आहे. पहिल्या आवृत्तीचा ट्वीटर तिखट होता आणि मिक्सरवर जवळून ऐकताना तो सहन होईना, म्हणून लोकांनी कागद लटकवले. हे खूळ अमेरिकन अभियंते बॉब क्लिअरमाउंटन यांच्या नावावर जमा आहे. १९८६ मध्ये बॉब होडास या ध्वनिअभियंत्यांनी वेगवेगळे कागद लावून चक्क मोजमापं घेतली. निष्पन्न असं की कागद वरचे स्वर कमी करतो हे खरं, पण काही आवाज कागदावरून परत ट्वीटरवर आपटतो आणि त्यामुळे वरच्या पट्ट्यात बारीक खाचा पडतात. कागदाची जाडी, थर आणि अंतर बदललं की खाचाही बदलतात. म्हणजे आज लावलेला आणि महिन्यानं बदललेला कागद सारखा वाजेल याची खात्री नाही, आणि मॉनिटर कसाही असला तरी रोज सारखा वाजायला हवा. १९८७च्या आवृत्तीत यामाहानं ट्वीटर स्वतःच सौम्य केला तो याचसाठी.

तुमच्या जोडीच्या ट्वीटरच्या वाटेवर अर्धा ते एक ओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर एका पायात बसवून घ्या. ओळखीच्या कोणत्याही रेडिओ मेकॅनिकचं दहा मिनिटांचं काम आहे, आणि नको वाटला तर काढता येतो. त्याआधी एक करून बघा : स्पीकर भिंतीजवळ सरकवा. हा मुळात भिंतीलगतच्या फळीवर ठेवायचा स्पीकर आहे. मोकळ्या जागेत स्टँडवर ठेवला की खालचा आधार जातो आणि वरचं टोचणं दुप्पट वाटतं.

प्रश्न : मी ऑटोवर फिरणाऱ्या जाहिराती रेकॉर्ड करतो. सेल, क्लासेस, नाटकांचे प्रयोग, निवडणुकीत तर विचारू नका. घरी छान वाजतं आणि ऑटोच्या भोंग्यावर शब्द कळत नाहीत. जुने ऑरॅटोन घेतले तर उपयोग होईल का?
— एक वाचक, महाल

उत्तर : या महिन्यातला मला सर्वांत आवडलेला प्रश्न. ऑरॅटोन ५सी म्हणजे एक छोटा चौकोनी बंद डबा, आत साडेचार इंची एकच ड्रायव्हर, क्रॉसओव्हर नाही, खर्ज नाही, वरचा चकचकाट नाही. १९७०च्या दशकात अमेरिकन स्टुडिओंत तो घरोघरच्या टीव्हीवर आणि गाडीच्या रेडिओवर गाणं कसं वाजेल हे बघायला ठेवायचे. जाणते लोक जोडी न वापरता एकच, समोर, मोनोमध्ये वापरायचे. एकच ड्रायव्हर असल्यानं मधला पट्टा एकसंध येतो आणि शब्द कळतोय की नाही हे लगेच समजतं. कल्पना तुमच्या कामाची आहे.

पण त्यासाठी जुनी अमेरिकन वस्तू मागवू नका. जुन्या बुश-मर्फी रेडिओतला धडधाकट चार-पाच इंची स्पीकर बंद डब्यात बसवलात तरी तेवढंच काम होईल. आणि तुमचं गिऱ्हाईक जर भोंगाच असेल तर भोंगाच लावा ना! वडिलांच्या दुकानात गच्चीवर एक अहुजाचा भोंगा कायम टांगलेला असायचा, दुरुस्त झालेलं प्रत्येक ॲम्प्लिफायर त्याच्यावरच ऐकून मग गिऱ्हाइकाला द्यायचं. भोंगा साधारण तीनशे-चारशे हर्ट्झच्या खाली जवळपास काही देत नाही आणि वर पाच-सहा हजारांच्या पुढे थकतो. तुमच्या आवाजातला भारदस्त घोगरेपणा, ज्यावर तुम्ही मेहनत घेता, तो सगळा त्याच्या खालच्या हद्दीबाहेर आहे. तो नुसता ॲम्प्लिफायरला दमवतो.

म्हणून तीनशेच्या खालचं तुम्हीच कापून टाका. अडीच-तीन हजारांच्या आसपास थोडा उठाव द्या, कारण क, च, ट, प यांचे फटकारे तिथे कळतात. पाठीमागचं संगीत बोलण्याच्या वेळी पार खाली न्या, नुसतं कमी करून भागत नाही. एको तर अजिबात नको. महालातल्या गल्ल्या तो फुकट देतात. आणि सावकाश बोला. ऑटो चालता असतो, ऐकणाऱ्याच्या वाट्याला तुमचं एखादंच वाक्य येतं, म्हणून क्लासचं नाव आणि ठिकाण एकाच वाक्यात आलं पाहिजे.

प्रश्न : माझे यजमान गेले. त्यांनी जपलेले दोन भलेमोठे स्पीकर हॉलमध्ये आहेत, मागे टॅनॉय असं लिहिलंय. एक गृहस्थ आले, त्यांनी आतला पंधरा इंची स्पीकर बघितला आणि म्हणाले की कडेचा कागद जुना झालाय, तो काढून रबर लावावं लागेल, एक नेतो, दुसरा नंतर बघू. द्यावं का? मुलं म्हणतात कबाडीला देऊन टाक.
— एक वाचक, रामदासपेठ

उत्तर : ताई, कुणालाही काही देऊ नका, निदान हे वाचून होईपर्यंत. टॅनॉयचा ड्युअल कॉन्सेंट्रिक १९४७ पासून आहे. त्यात ट्वीटर वेगळा नसतो; वूफरच्या मध्यातूनच, चुंबकाच्या पोटातून वरचे स्वर बाहेर येतात, त्यामुळे सगळा आवाज एकाच बिंदूतून आल्यासारखा वाटतो. ब्रिटनमधल्या अनेक स्टुडिओंत वर्षानुवर्षं हेच मॉनिटर होते.

मुलाला सांगून मागची फळी स्क्रू काढून उघडायला लावा, वीज बंद असताना, आणि चुंबकाच्या झाकणाचा फोटो काढायला सांगा. झाकण सोनेरी असेल आणि त्यावर मॉनिटर गोल्ड असं लिहिलं असेल तर तो १९६७ पासून निघालेला माल आहे, आठ ओहमचा, आजच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरवर सुखानं चालतो. त्याची कड मुळातच घडीच्या कागदाची असते. ती जुनी झालेली नाही, ती तशीच असते. ती कापून रबर लावलं की कोन ज्या हिशेबानं हलायला बनवलाय तो हिशेब मोडतो, आणि जाणकार गिऱ्हाईक तिथेच भाव पाडतं. १९७४ नंतरच्या एचपीडी मालिकेत मात्र फोमची कड होती. ती चुरा झाली असेल तर तिथे नवी फोमचीच बसवायची, रबर नव्हे.

एक नेतो, दुसरा नंतर, या बोलण्यावर त्या गृहस्थांना चहा पाजून निरोप द्या. एकटा टॅनॉय अर्ध्या किमतीलाही जात नाही आणि दुसरा घरात अडकून पडतो. विकायचे तर दोन्ही एकत्र, डब्यांसकट, आतला क्रॉसओव्हरही सोबत. तोवर ते हॉलमध्ये कूलरच्या झोतात येत असतील तर तिथून हलवा. ओल्या हवेनं कागदी कोन आणि प्लाय दोन्ही खराब होतात. झाकणाचा फोटो या सदराच्या पत्त्यावर पाठवा. कोणता माल आहे आणि कुणाला विचारावं, ते पुढच्या अंकाची वाट न बघता कळवते.